सोमवारचा थेंब

अप्पा,

आज सोमवार आहे, करंट गेलाय आणि गिरणीत बसून दुसरं काही करण्यासारखं नाही, म्हणून लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी मनातही आलं नाही, खोटं कशाला सांगू. तुम्ही होतात तेव्हाही आपल्यात लांबलचक बोलणं होत नसे. तुम्ही दवाखान्यातून यायचात, कोपरापर्यंत हात धुवायचात, जेवायला बसायचात, आणि जे काय रागवायचं ते जेवतानाच रागवून घ्यायचात, म्हणजे उठल्यावर तो विषय संपलेला असायचा. पण आज सकाळी सहाला एक फोन आला, रोज येतो तसाच, आणि तो ठेवल्यावर वाटलं की ही हकिकत नीट समजेल असा माणूस एकच होता आणि तोच नाही. कंपाउंडरच्या मुलीने औषधाची गोष्ट कंपाउंडरला नाही सांगायची तर कुणाला सांगायची?

गोष्ट भाकरीवालीची आहे. ती तुम्हाला आठवतच असणार. आपल्या मागच्या गल्लीत नवी नवरी म्हणून आली, काळीसावळी, हाताला कायम पीठ. नवरा लॉरीवर, महिन्यातले वीस दिवस हैदराबाद नाहीतर पुणे. तुमच्या शेवटच्या आजारात तुम्हाला घास उतरेना, तेव्हा भाकरीचा वरचा पापुद्रा काढून दुधात कुस्करून वाटीत घालून आणायची ती हीच. मी आणलेलं तुम्ही दोन घास खाऊन बाजूला सारायचात आणि तिची वाटी चाटूनपुसून. मला त्या वाटीचा फार राग यायचा. गावातल्या गावात दिलेली मुलगी मी, दोन गल्ल्या ओलांडून रोज सकाळ-संध्याकाळ यायची, आणि कौतुक शेजारणीच्या भाकरीचं. तुम्ही गेल्यावर तेराव्याला तीच स्वयंपाकघरात माझ्याशेजारी बसून रडली, माझ्यापेक्षा जास्त, आणि तिथून आमचं जे जमलं ते आजतागायत. भांडणंही तितकीच झाली म्हणा.

तिचा धंदा तोच आहे, फक्त वाढलाय. कडक भाकरी करते, कागदासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. हायवेवरच्या ढाब्यांना जाते, गुलबर्ग्याच्या दोन खानावळींनाही जाते. जवारी माझ्याच गिरणीत दळते. दुसरीकडच्या पिठाला चिकटपणा नसतो म्हणते, हे ती मला खूश करायला म्हणते की खरंच, ते मी कधी तपासलं नाही. तर पाच-सहा वर्षांमागं एक दिवस ती आली, नेहमीसारखा स्वतःच डबा गिरणीच्या तोंडाखाली लावला, मी जवारी सोडली, आणि बघते तर पीठ अर्धं डब्यात आणि अर्धं जमिनीवर. डबा चांगला वीतभर सरकलेला. मी हसले. म्हटलं, "ध्यान कुठं हाय गं तुजं? नवरा येणार हाय का आज?" तीही हसली. पुढच्या आठवड्यात परत तेच. मग मला तिच्या डाव्या मनगटावरचे डाग दिसले, तव्याच्या कडेला भाजलेले, एक जुना, एक नवा, एक अजून ओला. मी त्यावरही बोललेच, की वय झालं तुझं, सुनेला बसव चुलीपुढं. तिसऱ्यांदा पीठ सांडलं तेव्हा मात्र मी हसले नाही. तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि हात हलवला. ती समोर बघून बोलतच राहिली. तुम्ही असतात तर पहिल्याच डब्याला ओळखलं असतं. मला तीन डबे पीठ घालवावं लागलं.

गुलबर्ग्याला डोळ्यांचा मोठा दवाखाना आहे, तिथं घेऊन गेले. मंगळवारी, कारण मंगळवारी माझी गिरणी बंद असते. हा मंगळवार ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. काचबिंदू निघाला. तुमच्या काळात मोतीबिंदू तेवढा सगळ्यांना ठाऊक होता. हा दुसरा गुपचूप येतो, दुखत नाही, खुपत नाही, बाजूबाजूने नजर खात आत येतो. डाव्या डोळ्याची अर्धी नजर गेलेली होती आणि ती परत येत नाही, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. उजवा अजून बरा आहे, त्याला सांभाळायचं. डोळ्यातला दाब खाली ठेवायचा, त्यासाठी थेंब, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, दोन्ही डोळ्यांत, जन्मभर. मला वाटलं ही आता रडणार. ती म्हणाली, "जलमभर तर भाकरीबी खायलोय की." मग त्यांनी तिला एका यंत्रात बसवलं. हनुवटी टेकवायची, आत बारीक उजेडाचे ठिपके येतात, दिसला ठिपका की हातातलं बटण दाबायचं. बाहेर आली तर चेहरा फुललेला. म्हणाली, एकबी सोडला न्हाई. मला शंका आली. खोदून विचारलं तर म्हणते, "दिसलं तवाबी दाबले, न्हाई दिसलं तवाबी दाबले. नापास केले असते तर?" अप्पा, मी तिथल्या बाकावर बसून एवढी हसले की शेजारची माणसं उठून पलीकडं बसली. मग तिला परत आत पाठवलं.

असं आमचं सुरू झालं. दर तीन महिन्यांनी, मंगळवारी. सकाळची बस, खिडकीची जागा तिला, डबा माझा. पहिलं वर्ष वाट बघण्यात गेलं. दुसऱ्या वर्षीही दाब काही खाली येईना. डॉक्टरांनी बाटली बदलली. मग एकाच्या दोन बाटल्या केल्या, पाच मिनिटांच्या अंतराने टाकायच्या. तरी तेच. दर खेपेला मशीनवर डोळा लावायची, डॉक्टर आकडा बघून ओठ दाबायचे, आणि मी मागे उभी, जणू परीक्षा माझीच. आणि एका मंगळवारी त्यांनी सांगितलं की आता उजव्या डोळ्याची कडही खायला लागलीय. पुढच्या वेळी दाब असाच असला तर ऑपरेशन करावं लागेल, आणि ऑपरेशन केलं तरी नजर राहीलच असं लिहून देता येत नाही. तिचा तो एकच डोळा होता हो, कामाचा. त्याच्यावर तिची चूल, तिचा धंदा, सुनेच्या हातातलं नातवंड ओळखणं, सगळं.

परत येताना बसमध्ये माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. भीती वाटली की मला आधी राग येतो. "थेंब टाकायलीस का न्हाई?" मी विचारलं. "टाकते की." "मग उतरंना कामून? येवडं आवशीद पानी हाय का? दर बारीला गिरणी सोडून मी कामून येते म्हणतीस?" आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी थांबले नाही. डोळे गेल्यावर काय करणार, चाचपडत भाकरी थापणार का, असंही म्हणाले. ती म्हणाली, "टाकते म्हणले न्हवं?" आणि खिडकीकडं तोंड केलं. मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. म्हणजे मी तिला दिसतच नव्हते, नुसता आवाज येत होता. आमचं हुमनाबाद येईपर्यंत ती वळली नाही.

पुढचे पंधरा दिवस तिची जवारी माझ्याकडं आली नाही. सून स्टँडजवळच्या गिरणीत दळून नेताना दिसली. मला असं लागलं म्हणता. नवऱ्यावर चिडले, पट्ट्यावर चिडले, एका गिऱ्हाइकाच्या गव्हात दुसऱ्याची हरभऱ्याची डाळ टाकली. आणि त्याच दिवसांत कधीतरी, जात्याचा गुळगुळीत झालेला दगड टाकी लावून खरबरीत करायला काढला होता तेव्हा, तुम्ही आठवलात. दवाखान्यातले तुम्ही. पांढरा अर्ध्या बाहीचा सदरा, पुढ्यात लाल मिक्स्चरच्या बाटल्या, आणि बाकाच्या टोकाला मी, शाळेतून आलेली, बारा वर्षांची, बाटलीवर चिकटवायच्या कागदी पट्ट्या कातरत बसलेली. एकेका खुराकीला एक खाच. कानडी माणसाशी कानडी, लॉरीवाल्यांशी दखनी, आणि आम्हाला मराठी, तुमची जीभ एका वेळी तिन्हीकडं चालायची. राजेश्वर गावाकडून एक म्हातारी यायची, तापाची. चौथ्या दिवशी आली तर बाटलीतल्या सहा खुराकींतल्या चार तशाच. मला काय शहाणपण सुचलं, मी सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "आजी, आवशीद घेत न्हाईस तर दवाखान्याला कामून येतीस?" तिने बाटली पदराखाली घेतली. "घेतले की गं माय, थोडं सांडलं," म्हणाली. चार खुराकी शिल्लक आहेत आणि ती सांडलं म्हणते! मी अजून काही बोलणार तोवर तुम्ही उठलात, तिच्या हातातनं बाटली घेतलीत, उजेडात धरलीत आणि अगदी हलक्या आवाजात विचारलंत, "कवा ऱ्हायलं माय? अमावस्येला?" आणि ती घडाघडा सांगायला लागली. अमावस्येला नवऱ्याचं सराद्ध होतं, त्याच्या आदल्या दिवशी लेक आली होती, तिच्यापुढं औषध घेतलं तर ती काळजी करेल, असं सगळं.

रात्री जेवताना तुम्ही मला ताटावरच धरलंत. "तू त्या म्हातारीला खोटं बोलाय लावलीस," म्हणालात. मी म्हटलं, मी कुठं, तीच बोलली. तर म्हणालात, "कामून घेतलं न्हाई म्हणलं की माणूस घेतलंच म्हणतंय. कवा ऱ्हायलं ते इचारावं. ते सांगाय कुणाला लाज वाटत न्हाई." आईने भाजी वाढली आणि विषय संपला. मला त्या वयात ते काही पटलं नव्हतं. उलट म्हातारीचंच चुकलं होतं आणि बोलणी मी खाल्ली, असं वाटून मी फुरंगटून बसले होते. बसमध्ये मी पन्नाशीची बाई तेच करून बसले होते, शब्दसुद्धा तेच.

मी गिरणी नवऱ्यावर सोडून तिच्याकडं गेले. सकाळची दहाची वेळ, चूल पेटलेली, सून तव्यावर, ही काठवटीपुढं. मला बघून "बस" एवढंच म्हणाली आणि गोळा मळत राहिली. मी तिच्या उजव्या बाजूला बसले. तिचे हात तुम्ही बघायला हवे होते, अप्पा. भाकरी थापताना ती काठवटीकडं बघतच नाही. तळव्याखाली भाकरी फिरते आणि तिचं ती वाढत जाते. फक्त तव्यावर टाकायची वेळ आली की मान पार वळवून, कोंबडीसारखी, एका डोळ्याने तव्याची कड शोधते. मी पाच-सहा भाकऱ्या होईपर्यंत गप्प बसले, म्हणजे मला ते किती जड गेलं असेल तुम्हीच समजा. मग म्हटलं, "कवा कवा ऱ्हातंय गं, थेंब टाकायचं?"

हात थांबले नाहीत. "सोमवारी," ती म्हणाली.

सोमवारचा तिचा उपास. निर्जळी, सकाळपासून रात्री पूजा होईपर्यंत, थुंकीसुद्धा गिळायची नाही म्हणावं इतका कडक. आणि डोळ्यात थेंब टाकला की घटकाभराने तो घशात कडू उतरतो. खरंच उतरतो, डोळ्यातून नाकात आणि नाकातून घशात वाट असते. "कडू लागतंय म्हणल्यावर पोटात गेलं की न्हाई? मग उपास कसला ऱ्हायला?" असं तिचं म्हणणं. म्हणून रविवारी संध्याकाळी थेंब टाकला की नंतर एकदम मंगळवारी. आणि तपासणीच्या मंगळवारी तर सकाळची बस धरायची असायची, घाईत तोही राहायचा. श्रावणात तर महिनाभर दिवसाचा थेंब बंदच. म्हणजे बघा, माझी गिरणी बंद म्हणून मी मंगळवार धरलेला, आणि दर मंगळवारी डॉक्टर मोजत होते तो सोमवारचा उपाशी डोळा. ते बिचारे बाटल्या बदलत राहिले.

"आगं, पर सोमवार कवापासून धरलीस? आधी तर करत न्हवतीस," मी विचारलं. तिने पदराच्या टोकाने कपाळ पुसलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा काचबिंदू सांगितला ना, त्याच आठवड्यात तिने नवस बोलला होता. उजवा डोळा राहू दे, जन्मभर सोमवार धरीन. मी कपाळाला हात लावला. "डोळ्यासाठी उपास धरलीस, आन उपासापायी डोळा घालवायलीस?" म्हटलं. हे मात्र माझ्या तोंडून निघालंच. सून तव्याकडं तोंड करून हसू दाबत होती. भाकरीवाली रागावली नाही. म्हणाली, "मंग काय करू सांग. नवस मोडला तरी डोळा जाणार, न्हाई मोडला तरी जाणार." तेव्हा मला कळलं की दोन वर्षं ही बाई दर सोमवारी ह्याच कात्रीत बसून भाकऱ्या थापत होती, कुणाला न सांगता. मी तिच्या पिठाच्या हातांसकट तिला जवळ घेतलं. माझ्या लुगड्याचं वाटोळं झालं, ते असो.

दुसऱ्या दिवशी गुलबर्ग्याच्या दवाखान्यात मी एकटीच गेले. डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही, थेंब टाकणारी एक सिस्टर आहे, लहानखुरी, बुरखा काढून खुंटीला लावून कामाला लागते, तिला गाठलं. सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. रमजानमध्ये तिच्या घरातल्या लोकांचंही हेच असतं म्हणाली. मला खुर्चीवर बसवून साध्या पाण्याचा थेंब डोळ्यात टाकला आणि दाखवलं, "अम्मा, आँख मूंदो, ये नाक के बाजू उंगली दाबको पकडो, दो मिनट. बात नक्को करो." डोळ्याचा नाकाकडचा कोपरा असतो ना, तिथंच त्या वाटेचं तोंड. ते बोटाने दाबून धरलं की थेंब डोळ्यातच राहतो, घशात जातच नाही. उलट औषध जास्त लागू पडतं. एवढी साधी गोष्ट. आम्हाला आधी कुणी सांगितली नव्हती असंही नसेल, सांगितली असेल आणि आम्ही ऐकली नसेल.

मी येऊन भाकरीवालीला शिकवलं, तिने दोन दिवस करून बघितलं. मंगळवारी, बुधवारी. कडू लागलं नाही. चेहरा उजळला तिचा. पण सोमवार जवळ आला तशी परत अडली. म्हणाली, "मला कडू न्हाई लागलं, पर नवस बोलले ते काय माज्या जिभेला बोलले का? स्वामींना इचाराय पायजे." त्यांच्या घराण्याचा मठ बसवकल्याणच्या रस्त्याला आहे. मी म्हटलं, मग चल जाऊ. तर म्हणे, नवस बोललेल्या माणसाने स्वतः सूट मागायची नसते. तिसऱ्याने विचारायचं. आणि तो तिसरा कोण, तर मी. तुम्हाला हसू येईल, देवळाच्या पायरीला दुरून हात जोडणारी मी मठात नवसाची सूट मागायला. पण गेले. मठाला जाऊन आले, आणि संध्याकाळी तिच्या चुलीपाशी बसून तिला सांगितलं. "म्हणले, डोळ्यात टाकतेत ते खाणं न्हवं. देवानं दिलेली वस्तू सांभाळाय उपास आड येत न्हाई. बोट दाबून धर, आन त्या दोन मिनिटांत त्याचं नाव घे. सोमवारचा थेंब चुकवू नको." तिने ऐकलं, डोळे मिटले, हात जोडले. "असंच म्हणले?" "असंच म्हणले."

त्या सोमवारी सकाळी सहाला माझा फोन वाजला. मला वाटलं काय झालं. ती म्हणाली, "टाकलाय. बोट दाबलंय. आता दोन मिनिटं तू बोल, मी बोलणार न्हाई." काय बोलू? नाव देवाचं घ्यायचं असतं, तू मला फोन करतीस, म्हटलं. ती गप्प. सिस्टरने बोलू नको सांगितलं होतं ना. मग मी आपलं सुरू केलं, काल कुणाच्या दळणात काय झालं, शेजारच्या पोरीला बघायला कोण आलं, कुणी कशी साडी नेसली होती. दोन मिनिटांनी तिने बोट सोडलं आणि पहिलं वाक्य बोलली, "त्या पोराचं आदी एक लगीन मोडलंय, सांग त्यांना." तेव्हापासून रोज. सकाळी सहा, संध्याकाळी सहा. पहिला थेंब, दोन मिनिटं मी बोलते. मग पाच मिनिटं ती बोलते, मी ऐकते. मग दुसरी बाटली, परत मी. आमच्या आख्ख्या गावाची बातमी ह्या दोन थेंबांच्या मधे निघते. नवरा म्हणतो, डोळ्याचं औषध आहे की तोंडाचं. मला दिवसातली ती अठरा-वीस मिनिटं इतकी प्रिय झालीत की करंट गेला तरी मला आधी फोनच्या चार्जिंगची काळजी असते.

तीन महिन्यांनी गेलो, मंगळवारीच. डॉक्टरांनी मशीनवर डोळा बघितला, परत बघितला, मागच्या कागदाशी ताडून बघितला. दाब खाली. त्यांनी तिला कानडीत विचारलं, काय केलं? ती म्हणाली, काही नाही, औषध तेच. त्यांनी शेजारच्या शिकाऊ डॉक्टरांना समजावून सांगितलं की काही पेशंटना दोन बाटल्या लागू पडायला वेळ लागतो. आम्ही दोघी खाली माना घालून बाहेर आलो आणि स्टँडवर मिरचीभजी खाल्ली. ऑपरेशनचं नाव त्यानंतर कुणी काढलेलं नाही. आता तीन वर्षं झाली. डावा आहे तसा आहे, उजवा जागच्या जागी. मनगटावरचे डाग जुने झालेत. चुलीच्या डाव्या अंगाला सून बसते, गिरणीत डबा मात्र ही अजून स्वतःच लावते आणि लावल्यावर मला विचारते, "बराबर हाय?" मी बघते आणि हो म्हणते. कधी कधी मुद्दाम नाही म्हणते, तर शिव्या देते.

मागच्या महिन्यात ती मठाला जाऊन आली. स्वामींचे पाय धरायचे राहिले होते म्हणाली, त्यांच्यामुळं डोळा वाचला. मलाही चल म्हणाली. मी म्हटलं, पट्टा तुटलाय, मला नाही जमणार. पट्टा धड होता. ती पन्नास कडक भाकऱ्या पांढऱ्या कापडात बांधून, शेंगाचटणी घेऊन गेली, सुनेला सोबत घेऊन. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. संध्याकाळी गिरणीत आली, माझ्या हातावर प्रसादाचा खडा ठेवला. मी विचारलं, "काय म्हणले?" "बरे हाईत. म्हातारे झालेत आता." "आन?" "डोळं जप म्हणले." आणि डबा उचलून गेली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते, पण तिच्या तोंडावर पीठ आणि घाम याशिवाय मला काही वाचता आलं नाही. पुढच्या सोमवारी सकाळी सहाला फोन वाजला. आजही वाजला. "बोट दाबलंय. बोल."

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक राहिलेलं लिहिते. अप्पा, मठाला मी गेले होते ते खरं. कमानीशी चपला काढल्या, ओळीत उभी राहिले. पुढं चार माणसं होती. माझी पाळी आली तेव्हा मी मागच्या बाईला म्हटलं, तुम्ही व्हा पुढं. मग तिच्या मागच्याला. असं सगळ्यांना पुढं सोडलं आणि चपला घालून बसमध्ये येऊन बसले. स्वामी नाही म्हणाले असते तर मला तसं सांगावं लागलं असतं, आणि तिने ते मानलं असतं. मी विचारलंच नाही. तिला जे सांगितलं ते सगळं परतीच्या बसमध्ये मी जुळवलं. स्वामींचा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता, त्यामुळं ते आपोआप तुमच्या आवाजात जुळत गेलं, अगदी तुमच्या त्या हलक्या आवाजात, बाटली उजेडात धरून बोलायचात तसं. तिला हे सांगितलेलं नाही. तिचा डोळा आहे तोवर सांगणारही नाही.